सुनंदाच्या कागदावरचे आकडे

हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही — नवऱ्याजवळही नाही. बोलायला बसले की दुसरंच काहीतरी सांगत राहते. आज सांगते.

तीनेक वर्षांपूर्वी मी जव्हारला एका सर्वेक्षणाच्या कामावर होते. पाड्यापाड्यांवर जाऊन बायकांना विचारायचं — चार माणसांत बोलून घरी आल्यावर तेच ते वाईट विचार येतात का? आठवड्यात किती वेळा? थांबवता येतात का? प्रत्येक उत्तराला शून्य ते चार गुण. बेरीज जास्त आली, तर त्या बाईला समुपदेशक बाईंकडे पाठवायचं. साधं काम, नाही का?

साखरशेतला सुनंदाच्या ओटीवर बसले. ती बचत गटाची अध्यक्ष. नाचणी पाखडत बोलत होती. पहिल्याच प्रश्नाला तिचे हात थांबले.

"जव्हारच्या मीटिंगला म्या हिरीचं बोलले ना ताई, सगली हसली. तवापासून रोज तेच. लावणी करताना, भाकर थापताना. म्या असी कसी बोलले?"

"कोण हसलं?" — का विचारलं मी?

"पयलं कोन हसलं ते नाय पाह्यलं. मान वरच झाली नाय."

बचत गटांच्या त्या मीटिंगला मीही होते. पाड्यावरच्या विहिरीचं पाणी आटतं, एवढंच तिला सांगायचं होतं. ती 'हीर' म्हणाली. कुणीतरी फिसकन हसलं, आणि मग सगळा हॉल. माझी आई मोखाड्याकडची, ती 'हीर'च म्हणते. शाळेत जाईपर्यंत मीही तेच म्हणत होते. पण त्या दिवशी माझ्या शेजारी ठाण्याहून आलेल्या संस्थेच्या बायका बसल्या होत्या. मी त्यांच्यातली वाटावं म्हणून —

पहिली हसले ती मी.

एवढ्यावर संपलं असतं तरी...नाही, संपलं नाही.

सुनंदा प्रत्येक प्रश्नाला "रोज" म्हणत गेली. रोज म्हणजे चार. मी शून्य लिहिलं. पुढे पुन्हा शून्य, मध्येच एखादा एक — खरं वाटावं म्हणून. समुपदेशक बाई खोलात जाऊन विचारतील, मीटिंगचा विषय निघेल, कुणीतरी माझं नाव घेईल, ही धास्ती. अक्षर नीट आलं.

निघताना ती म्हणाली, "एवढं कुनी इचारलं नवतं ताई. बरं वाटलं."

कागद माझ्याजवळ आठ दिवस होते. खोडून नीट लिहिता आलं असतं. मी तसेच जमा केले.

शेजारच्या पाड्यावरच्या दोघींना बोलावणं आलं. त्या काही महिने जात राहिल्या, त्यातली एक आता ग्रामसभेत उठून बोलते. सुनंदाला कुणी बोलावलं नाही. तिने अध्यक्षपद सोडलं. विहिरीच्या पाण्यासाठी गटाने लिहिलेला अर्ज तिच्या घरातच राहिला.

गेल्या महिन्यात जव्हारच्या बाजारात ती दिसली. दुकानदाराने काय हवं विचारलं. तिने बोटाने मीठ दाखवलं. किती, तेही बोटांनीच — दोन. मग मला पाहून ओळखीचं हसली आणि एसटीकडे निघाली.

मी तिला हाक मारली नाही.