घोडीचे रबरी बूट

जगातल्या सगळ्या माणसांनी अनवाणी हिंडावं आणि पादत्राणं फक्त घोड्यांना मिळावीत, असं मनापासून वाटणारा एकच माणूस मी पाहिला आणि तो नेमका माझा साडभाऊ निघाला. भद्रावतीत स्टेशन ते फॅक्टरीची कॉलनी असा त्यांचा टांगा चाले. स्वतःच्या चपलेचा अंगठा सुतळीने बांधलेला, पण कोणी भेटलं की आधी घोडीच्या खुरांची खुशाली सांगत. माझ्या लग्नात पंगत वाढायची सोडून ते आमच्या सासऱ्यांना खुराला भेगा का पडतात ते समजावत बसले होते. सासऱ्यांनी त्यांना तेव्हाच वेड्यात काढलं. पुढे गावानेही तेच केलं, कारण तेवढं सोपं असतं.

रस्ता डांबरी झाला तशी घोडी लंगडू लागली. लोखंडी नालेमुळे पायाला हादरे बसतात, असं निदान करून त्यांनी भंगारातून खाणीतल्या कोळसा वाहणाऱ्या पट्ट्याचा तुकडा पैदा केला. रबरात नायलॉनचे थर, सुरी चालेना. करवतीने कापून त्यांनी नाला बनवल्या. खिळ्याचं डोकं रबरात बुडू लागलं, तेव्हा सोड्याच्या बाटल्यांची झाकणं चपटी करून खाली घातली. नालबंद असलं काम करायला तयार होईना, म्हणून खिळेही स्वतःच ठोकले. त्यांची बायको, म्हणजे माझी मेहुणी, म्हणाली, "मले चप्पल आणाची यायले सवड नाई, अन् घोडीले बूट शिवून राह्यले!"

घोडी खरंच लंगडायची थांबली. पंचाईत वेगळीच झाली. कॉलनीतल्या बाया आधी टांग्याच्या टापा ऐकून पिशवी उचलत आणि दाराला कुलूप लावत. आता टांगा मांजरीसारखा येई आणि तसाच निघून जाई. साडभाऊंनी घंटा बांधली, तर कुल्फीवाला समजून पोरं चिल्लर घेऊन धावली. मग ते स्वतःच "टांगाऽऽ" असं ओरडू लागले, तर साहेबांच्या दुपारच्या झोपा मोडल्या आणि फाटकावरच्या शिपायाने तंबी दिली. तेवढ्यात ऑटो आले. त्यांना आवाजाची काय कमी! ज्या बाया याच टांग्यातून बाळंतपणाला गेल्या, त्यांनी "आजकाल टांगा येतच नाई ना जी," असं मलाच ऐकवलं. टांगा समोर उभा होता. तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

"भाऊ, लोखंड ठोका ना परत," मी म्हटलं.

"अन् घोडी लंगडली म्हंजे? लोकायले ऑटो हाय. तिले कोन हाय?"

शेवटी घरात चूल पेटायची मारामार झाली आणि घोडी विकायला काढावी लागली. चंद्रपूरचा एक वरातवाला आला. वरातीत टापा वाजल्या पाहिजेत, म्हणून लोखंडी नाला ठोकूनच नेणार म्हणाला. नालबंदही सोबतच आणला होता. साडभाऊंनी नालबंदाच्या हातातून हातोडा काढून घेतला. "दुसऱ्यानं ठोकला तं खिळा मांसात जाईन," एवढंच म्हणाले आणि अंगणात बसले.

घोडीने न सांगता पाय उचलून त्यांच्या मांडीवर ठेवला. तिला वाटलं असेल, नवीन रबर आलं. साडभाऊ हातोडा बाजूला ठेवून तो खूर नुसताच धरून बसले. मी वरातवाल्याला चहा प्यायला बाहेर घेऊन गेलो.