सासूबाईंचे पक्के दात

सासूबाईंनी अन्न सोडलं, हे नणंदेनं वणीहून फोनवरच ठरवलं. दुसऱ्या दिवशी गंगाजल घेऊन ती बोरी अरबला आमच्या दारात हजर.

"वैनी, आता तिले जबरदस्ती नको करू. जीवच उठला तिचा अन्नावरून."

सासूबाईंना विसरण्याचा आजार जडला होता; त्याला आमच्या घरात म्हातारचळ म्हणतात. एकदा तसं म्हटलं की काही बघावं लागत नाही. तोंड मिटलं, म्हातारचळ. घास थुंकला, म्हातारचळ.

"भूक नाही तर ताटाकडे हात काहून जाते त्यांचा?" मी विचारलं.

"सवय," नवरा म्हणाला.

सासूबाईंच्या तोंडाला घाण वास येत होता. दोघं बहीणभाऊ खुर्च्या मागे सरकवून बसत आणि त्याला वय म्हणत. दात बघू म्हटलं तर नवरा दुखावला.

"आईच्या दाताले काय होते? एक दात नाही पडला तिचा अजून!"

ब्रश पाहिला की त्या ओठ आवळत. महिनाभर मी तोच ब्रश घेऊन झटत होते, हा माझा मूर्खपणा. ज्या बाईनं जन्मभर राखुंडीनं दात घासले, तिला ब्रश कसा आठवणार? सकाळी त्यांना मागच्या ओट्यावर बसवलं आणि बोटावर राखुंडी दिली. तोंड आपसूक उघडलं. मी बोट आत घातलं, तर वरची अख्खी रांग हलली.

कवळी! सासऱ्यांना माहीत असेल, ते तर केव्हाच गेले. घर उठायच्या आत, पाठमोरं बसून त्या ती धूत असणार. बोळकं तोंड पोरासुनांना दिसू नये म्हणून. पुढे सगळंच विसरल्या, तशी ती काढायचंही विसरल्या. मी ती काढली, तर खाली कुजलेलं अन्न आणि टाळूला जखम.

"हे घ्या आईचे दात," मी वाटी नवऱ्यापुढे धरली.

नणंद ओरडली, "अवं माय! दात पाडले हिनं आईचे!"

दारव्ह्याच्या दातांच्या डॉक्टरांनी औषध दिलं. जखम भरेपर्यंत कवळी बाहेर ठेवायची आणि प्रत्येक खाण्यानंतर ओल्या फडक्यानं तोंड पुसायचं, एवढंच सांगितलं. एवढंही आम्हाला दुसऱ्यानं सांगावं लागलं.

चौथ्या दिवशी सासूबाईंनी मऊ वरणभात संपवला आणि रिकामी वाटी माझ्यापुढे धरली.

"नको देऊ वैनी, पचणार नाही तिले," नणंद म्हणाली.

मी वाढला.