वरच्या मजल्यावरची बातमी

वीणा सबनीस ज्या हॉस्पिटलात काम करायची तिथली ब्लड बँक तळघरात होती. मँचेस्टरच्या उत्तरेकडचं ते जुनं, लाल विटांचं हॉस्पिटल. तळघराला खिडक्या होत्या, पण पार छताजवळ, आणि त्यांतून कार पार्कमधली गाड्यांची चाकं तेवढी दिसायची. वरून फोन यायचा, रक्त मागितलं जायचं. वीणा रक्त जुळवायची, तपासायची, लेबल लावून वर पाठवायची. पुढे काय झालं ते खाली कधी कळायचं नाही. पेशंट वाचला तरी फोन नाही, गेला तरी नाही. फोन वाजलाच तर आणखी रक्तासाठी, नाहीतर उशीर का म्हणून ओरडायला.

सोलापूरला शिकत असताना तिला या कामाचं वेड होतं. काचेवर दोन थेंब एकत्र करून हळूच हलवायचे, की बघता बघता रक्त दुधासारखं फाटून कणीकणी व्हायचं. त्या कण्या बघताना ती जेवण विसरायची. लग्न होऊन मिलिंदबरोबर इंग्लंडला आली, इथल्या परीक्षा नव्याने दिल्या, नोकरी मिळवली, तेव्हाही ती आवड शाबूत होती. मग कधीतरी, नक्की कधी ते तिलाही सांगता आलं नसतं, आवडीच्या जागी धास्ती येऊन बसली. प्रत्येक पिशवीवरचं नाव ती ओठांतल्या ओठांत मराठीत वाचायची. शिफ्ट संपवून गाडीपर्यंत गेली की परत फिरायची, फ्रीजचं दार नीट लागलंय का ते पाहायला. पॉलीन, तिची सीनियर, एकदा म्हणाली होती, "तुझ्यासारखी काळजी घेणारी मी पाहिली नाही." ते कौतुक होतं. वीणाला वाटलं, आपलं काहीतरी चुकलंय आणि पॉलीन ते सौम्यपणे सांगतेय.

दोन हजार सहाच्या एप्रिलमध्ये तिचे सासरे, दीनानाथ सबनीस, सहा महिन्यांसाठी मँचेस्टरजवळच्या प्रेस्टविचमधल्या घरी राहायला आले. मिरजेच्या तार ऑफिसात सगळी नोकरी झालेली. सासूबाई जाऊन तीन वर्षं झाली होती. एकट्याने राहताना ते स्वयंपाक शिकले, आधी नाइलाजाने आणि मग गोडीने. इथे आल्यावर दुसऱ्याच दिवशी त्यांनी विचारलं, "कढई कुठंय?" मिलिंद कौन्सिलमध्ये, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, कॉम्प्युटरचं काम करायचा आणि सकाळी लवकर ट्रॅम धरायचा. तेरा वर्षांची वैभवी टोस्ट खात शाळेला पळायची. दीनानाथांनी सगळ्यांचे डबे आपल्याकडे घेतले.

वैभवी इथेच जन्मलेली. ती डबा घेताना रोज म्हणायची, "थँक यू आजोबा. कालचे पोहे खूप छान होती." एवढ्यातेवढ्याला थँक यू. दीनानाथांनी सुरुवातीला ते चालवून घेतलं. मग एकदा मिलिंदला म्हणाले की घरातल्या माणसाचे कोणी आभार मानतं का, मी काय इथे पाहुणा आहे? मिलिंद हसला आणि म्हणाला की इथली पद्धत आहे, मनावर घेऊ नका. वीणाने मात्र त्यातून धडा घेतला. सासऱ्यांना आभार आवडत नाहीत, मग आपण काही बोलायचंच नाही. ती डबा मुकाट्याने उचलायची आणि जायची. तिला ते आदराचं वाटत होतं.

जूनमध्ये रस्त्यातल्या निम्म्या गाड्यांवर फुटबॉलसाठी इंग्लंडचे झेंडे लागले होते. अशाच एका शुक्रवारी दुपारी लेबर वॉर्डमधून फोन आला. बाळ झालं होतं, पण आईचा रक्तस्राव थांबत नव्हता. तातडीसाठी वर ठेवलेलं रक्त देऊन झालं होतं. नमुना खाली आला. वीणाने गट पाहिला: बी निगेटिव्ह. फ्रीजमध्ये त्या गटाच्या पिशव्या थोड्याच होत्या.

त्यानंतरचा वेळ तिला नंतर सलग आठवेना. प्लाझ्मा गोठवलेला असतो, तो वितळायला लागतो तेवढा वेळ लागतोच, कोणी कितीही ओरडो. प्लेटलेट्स शहरातल्या रक्तकेंद्रातून गाडीने यायच्या होत्या आणि वाटेत रस्ता खणून ठेवला होता. वरून डॉक्टर फोनवर म्हणत होता, "कुठे आहेत? कुठे आहेत?" वीणा शांत आवाजात उत्तरं देत होती आणि दर फोनची वेळ लिहून ठेवत होती. कॉलिन नावाचा पोर्टर पिशव्यांची पेटी घेऊन धावत होता. पन्नाशी उलटलेला, एका गुडघ्याने अधू. लिफ्टमध्ये कुणाचा तरी पलंग अडकला होता म्हणून तो जिन्याने गेला, परत आला, पुन्हा गेला. शेवटी प्लेटलेट्स आल्या. त्याही वर गेल्या.

आणि फोन बंद झाले. वीणाला हे सगळ्यात वाईट वाटायचं. फोन दोन कारणांनी बंद होतात.

पॉलीनने चहा केला. वीणाने तो घेतला नाही. शिफ्ट संपेपर्यंत तिने फ्रीज लावला, टेबल पुसलं, सगळ्या लेबलांच्या प्रती पुन्हा वाचल्या. वर फोन करून विचारावं असं तिला दहादा वाटलं असेल. पण विचारलं नाही तोवर ती बाई जिवंत होती.

घरी दीनानाथांनी तिचा चेहरा पाहिला आणि डबा उघडला. पोळी-भाजी तशीच होती. त्यांनी ती बाजूला काढली. जेवताना मिलिंदने विचारलं म्हणून तिने थोडक्यात सांगितलं. मिलिंद म्हणाला, "तू तुझं काम केलंस ना? मग झालं." पण दीनानाथांनी घास खाली ठेवला.

"मग बाई वाचली का?"

"माहीत नाही, बाबा."

"विचारलं नाहीस?"

आम्हाला कळवत नाहीत, तशी पद्धत नाही, असं ती म्हणाली. पद्धत नाही हे खरंच होतं. मनाई होती असंही नाही.

शनिवारी तिने सगळं घर पुसून काढलं. ओव्हनच्या मागची भिंतसुद्धा. त्या बाईचं नाव तिला पाठ झालं होतं, जन्मतारीखही. ती वैभवीहून बारा-तेरा वर्षांनीच मोठी होती. रविवारी सकाळी वीणा बागेत कपडे वाळत घालत होती तेव्हा दीनानाथ चिमट्यांची टोपली धरून शेजारी उभे राहिले आणि आपणहून बोलू लागले. तार ऑफिसात ते वर्षानुवर्षं लोकांच्या तारा पाठवायचे. आई अत्यवस्थ, ताबडतोब निघा. मुलगा पोचला का, आई भेटली का, हे त्यांना कधी कळायचं नाही. रात्री जेवताना ते सासूबाईंना तारा सांगत बसायचे आणि त्या वैतागायच्या. एकदा त्यांना राहवलं नाही. वडील अत्यवस्थ अशी तार होती, पाठवणाऱ्याचा पत्ता लक्षात होता, सायकल काढली आणि गेले.

"आणि?" वीणाने विचारलं.

"माणूस गेला होता. पोरगा वेळेत पोचला नव्हता."

वीणाने हातातला चिमटा परत टोपलीत टाकला.

"पण त्यांनी मला आत बसवलं," दीनानाथ म्हणाले. "चहा दिला. तार पाठवणारा माणूस विचारायला आला याचं त्या पोराला फार वाटलं. मीच घाबरून गेलो होतो, दारातून हाकलतील म्हणून. तुला विचारायचं असेल तर विचार. उत्तर काय येईल ते आपल्या हातात नाही."

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत ती जिना चढून लेबर वॉर्डला गेली. इतक्या वर्षांत तिने तो वॉर्ड पाहिलाच नव्हता. भिंती पिवळ्या होत्या आणि कुठेतरी बाळ रडत होतं. काउंटरवरच्या ब्रिजेट नावाच्या मिडवाइफला तिने गळ्यातलं ओळखपत्र दाखवलं आणि शुक्रवारच्या बाईबद्दल विचारलं. ब्रिजेटने आधी संशयाने पाहिलं. मग ब्लड बँक हा शब्द तिच्या लक्षात आला.

"शुक्रवारी फोनवर तू होतीस?" ती म्हणाली. मग आवाज खाली आणून सांगितलं की बाई आयसीयूत आहे, किडनीचं काही खरं नाही, अजून काही सांगता येत नाही. बाळ ठीक आहे.

वीणा जिना उतरली. न विचारता जे वाटत होतं त्यापेक्षा हे जड होतं. मंगळवारीही डबा तसाच परत आला, बुधवारीही.

बुधवारी संध्याकाळी वैभवी वीणाच्या खोलीत आली आणि दार लावून घेतलं. "आई, आजोबा लवकर जाणार आहे?"

"कुठे?"

"मिरजला. तो बाबाला म्हणाला तिकीट चेंज कर. म्हणाला, माझा जेवण वीणाला नाही आवडत, मी उगाच किचन घेतला तिचा."

वीणा पलंगावर बसली. शुक्रवारपासून जी धास्ती होती तिला आता आणखी एक तोंड फुटलं. म्हणजे तो माणूस रोज पहाटे उठून पोळ्या लाटत होता, रोज संध्याकाळी डबा उघडून बघत होता आणि मनात काय काय समजून बसला होता. तिने मिलिंदला विचारलं. तोही अवघडला. तुझ्यावर आधीच ताण आहे म्हणून बोललो नाही, म्हणाला. एअरलाइनला अजून फोन केलेला नाही.

दीनानाथ स्वयंपाकघरात सकाळसाठी मटकी निवडत होते. वीणा समोर बसली. काय बोलायचं ते तिने जिन्यावर ठरवलं होतं, ते सगळं विसरलं.

"बाबा, तुमचा डबा मी टाकत नाही. मला खाववतच नाही. भीती वाटली की माझ्या घशाखाली घास उतरत नाही."

ते मटकी निवडत राहिले.

"तुम्ही आल्यापासून मी रोज दुपारची वाट बघते. तळघरात डबा उघडला की पॉलीन विचारते, आज काय. मी तिला तुमच्या शेंगदाण्याच्या चटणीचं वर्णन करून सांगते. तुम्हाला सांगितलं नाही. तुम्हाला असलं बोललेलं आवडत नाही असं वाटलं."

त्यांनी मटकीतला एक खडा वेचून बाजूला ठेवला. मग म्हणाले, "थँक यू नको म्हटलं होतं मी. चटणी कशी झाली ते सांगू नको असं कुठं म्हटलं?" थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "जरा तिखट होते का ती?"

"होते. पण तशीच करा."

तिकिटाचा विषय पुन्हा कोणी काढला नाही. पण वीणाला त्या रात्रीही झोप नीट लागली नाही. एक गाठ सुटली होती, दुसरी होती तशीच होती.

शुक्रवारी सकाळी तळघरातला फोन वाजला. पॉलीनने उचलला आणि वीणाकडे धरला. ब्रिजेट होती. बाईला आयसीयूतून वॉर्डमध्ये आणलं होतं. किडनीचं काम सुरू झालं होतं. काल तिने बाळाला मांडीवर घेतलं, आज टोस्ट खाल्ला आणि चहा फार पातळ आहे अशी तक्रार केली. "तुला कळवावंसं वाटलं," ब्रिजेट म्हणाली.

वीणाने फोन ठेवला आणि पॉलीनला सांगायला तोंड उघडलं तर शब्दच फुटेना. पॉलीन घाबरली. मग वीणाने मान हलवली, होकाराची, आणि पॉलीनने तिला कचकचून मिठी मारली. तेवढ्यात कॉलिन रिकामी पेटी घेऊन आत आला. त्याला वाटलं काहीतरी वाईट घडलंय आणि तो दारातच उभा राहिला.

वीणा त्याच्याकडे गेली. या माणसाला ती इतकी वर्षं पेटी देत आली होती. सही कर, यापलीकडे कधी बोलली नव्हती. तिने त्याला सांगितलं की गेल्या शुक्रवारची आई वाचली. जिना चढून गेलास म्हणून वेळेत पोचलं सगळं, असंही सांगितलं.

कॉलिनने पेटी खाली ठेवली आणि तिच्यावरच बसला. गुडघा चोळत म्हणाला, "मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं." मग उठला, नाक पुसलं आणि ए अँड ईचं, म्हणजे तातडीच्या विभागाचं, रक्त घेऊन गेला.

संध्याकाळी दीनानाथांनी बातमी ऐकली. आत जाऊन देवापाशी साखर ठेवली आणि सगळ्यांच्या हातांवर चिमूट चिमूट घातली.

ब्रिजेट मग अधूनमधून फोन करू लागली. बातमी दर वेळी चांगली नसायची. ऑगस्टमध्ये एक म्हातारे गृहस्थ गेले, त्यांच्यासाठी वीणाने दुपारभर रक्त जुळवलं होतं. तिने ते पॉलीनला आणि कॉलिनला सांगितलं, आणि तिघांनी उभ्याउभ्या चहा प्यायला. त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही, पण लेबलं तिने एकदाच वाचली. दीनानाथ ऑक्टोबरमध्ये ठरल्या तारखेला परतले आणि दर रविवारी फोनवर वैभवीला मराठी व्याकरण शिकवू लागले. यश बेताचंच आलं.

दोन वर्षांनी तळघरातली ब्लड बँक बंद झाली आणि वीणाची बदली शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये झाली. तिथे मोठ्या खिडक्या होत्या, नवी यंत्रं होती, ओळखीचं कोणीच नव्हतं. पहिला आठवडा तिने जीव मुठीत धरून काढला. शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत ती लिफ्टने वर गेली आणि लेबर वॉर्ड शोधून काढला. तिथली सिस्टर घाईत होती. ही कोण आणि कशाला आलीय ते तिला कळेना. वीणा काउंटरजवळ सरकली. तिने स्वतःचं नाव सांगितलं, खाली ब्लड बँकेत असते म्हणाली, आणि तुमचे पेशंट कसे आहेत ते आम्हाला कळलं तर बरं वाटेल, असंही म्हणाली.

सिस्टरने वीणाच्या गळ्यातलं ओळखपत्र वाचलं. मग तिने मार्कर उचलला आणि भिंतीवरच्या पांढऱ्या फळ्यावर ब्लड बँकेचा नंबर लिहिला, शेजारी वीणाचं नाव. स्पेलिंग चुकलं होतं. वीणाने ते तसंच राहू दिलं.