भासऱ्यांची उचकी

माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. अक्षर वाकडं येतं, ऱ्हस्वदीर्घ चुकतं, त्याबद्दल माफी असावी. पण माझ्या मालकांचे थोरले भाऊ, म्हणजे माझे भासरे, कसे होते ते राहून जाऊ नये, म्हणून लिहिते.

उटनूरच्या बाजारात ते भाजी विकायचे. नवे जिल्हे झाले तेव्हा सगळे नकाशाचंच बोलत. हे वांग्यांवर पाणी शिंपडत म्हणाले, "जिल्हे कितीबी करा, अळी काई दुसऱ्या जिल्ह्यात जात नाई." आमच्याकडे सून भासऱ्यांसमोर बोलत नाही. बारा वर्षांत त्यांनी माझा आवाज ऐकला नव्हता. तेही भिंतीकडे बघून म्हणत, "भाजी अळनी हाये, असं कोनीतरी सांगा तिले."

त्याच साली त्यांच्या मेंदूत रक्तस्राव झाला. आदिलाबादच्या दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा डावा हात लुळा, बोलणं जड, आणि सारखी उचकी. प्रत्येक उचकीला मानेची शीर ताठ व्हायची. मला वाटे, डोक्यातलं पुन्हा फुटेल. डॉक्टरांनी बजावलं होतं, "त्यांना नीट गिळता येत नाही. उचकीवर पाणी पाजू नका, फुप्फुसात जाईल. बसवून घट्ट पेज चमच्याने द्या." जाऊबाई आधीच वारल्या होत्या, त्यांची पोरगी सासरी, मालक भाजीच्या दुकानावर. पेज मीच भरवायची, पदर ओढून, मुकाट्यानं.

एका सकाळी मुधोळहून त्यांची आत्या भेटायला आली. मी चुलीपाशी होते.

"कोन आठवन काढून राह्यलं रे तुही? पोरगी का? का तुहा साडू?"

आमच्यात असंच एकेक नाव घेतात. खरं नाव आलं की उचकी थांबते म्हणतात. वर घोटभर पाणी देतात. दारातून पाहते तर ते आडवेच, आणि आत्याबाईंनी तांब्या तोंडाला लावलेला.

 मी एकदम ओरडले, "पानी नोका पाजू! मरतीन ते!"

घोट गेलाच होता. ठसका लागला, चेहरा काळानिळा पडला. मी त्यांना उठवून पुढे वाकवलं, छातीशी हात घालून धरून ठेवलं. किती वेळानं श्वास आला, सांगता येत नाही. आत्याबाई रडत होत्या, "बाई, मी त पानीच देल्लं!"

भासरे धापा टाकत भिंतीकडे वळले. "आत्या... सांग तिले... आवाज... खनखनीत हाये."

मालकांनी त्यांना पुन्हा दवाखान्यात नेलं. छाती तपासली, उचकीची गोळी बदलली. घरी आल्यावर चौथ्या दुपारी मी पेज ढवळत होते, आणि उचकी ऐकू येईना. घर एकदम गप्प झालं.  धावत जाऊन त्यांच्या नाकासमोर बोटं धरली. ऊन श्वास लागला, तरी हात मागे घेववेना.

भिंतीकडे न वळता, डोळे न उघडताच ते म्हणाले, "निजू दे वं माय."