हनीफभाईंची तिरकी रेघ

दीड महिन्यापूर्वी सकाळी कॉलेजला निघता निघता हनीफभाईंच्या मुलीचा, शबानाचा, फोन आला. "सर, अब्बा न्हाई राह्यले." खरं सांगतो, दुःखाच्या आधी राग आला. तीनदा नापास झालेला हा माणूस चौथ्यांदा परीक्षेला बसणार होता. असं अर्ध्यावर सोडून जातात का कुणी...

नवीन जालन्यात स्टेशनजवळ हनीफभाईंचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान. मी पॉलिटेक्निकला इलेक्ट्रिकल शिकवतो. जळालेली मोटार नुसती हुंगून दोष सांगणारा हा कारागीर, पण कारखान्याच्या कामावर सही करायची तर सुपरवायझरचा परवाना लागतो आणि तो त्यांच्याकडे नव्हता. काम यांचं, सही दुसऱ्याची, वर तो सहीवाला यांनाच अक्कल शिकवणार. हे त्यांना फार लागायचं. म्हणून पन्नाशीत परीक्षा द्यायचं ठरलं आणि दर रविवारी मी शिकवायला जाऊ लागलो.

घोडं अडलं ते एसी सर्किटवर. हीटर तीन ॲम्पिअर घेतो, शेजारचा चोक, म्हणजे तारेचं वेटोळं, चार, तर मेन वायरमधून किती करंट जाईल? माझी पोरं बिनधास्त सात लिहितात. पण चोकचा करंट मागे रेंगाळतो, दोन्ही एकाच वेळी भरात येत नाहीत, त्यामुळे साधी बेरीज चालत नाही. हनीफभाई पेन न उचलता म्हणाले, "पाच." मीटरवर हजारदा पाहिलेलं. कसे आले ते दाखवा म्हटलं, तर त्यांनी शेजारच्या सुताराचा काटकोन मापायचा गुण्या आणला. फरशीवर खडूनं, एका ॲम्पिअरला चार बोटं धरून, आडवी रेघ ओढली, काटकोनात खाली दुसरी, आणि दोन्ही टोकं जोडणारी तिरकी रेघ बोटांनी मोजली. वीस बोटं. बराबर पाच.

"हेच कागदावर काढलं तर चालंल का, सर?"

"नाही चालणार. गणितच करावं लागेल."

गणितात मागे रेंगाळणाऱ्या करंटला उणे चिन्ह आणि कपॅसिटरच्या, पुढे पळणाऱ्या करंटला अधिक. चिन्ह चुकलं की वजाबाकीची बेरीज होते. ते उणे हनीफभाईंकडून हटकून सुटायचं आणि मी चिडायचो. एकदा तर वही आपटली. "तुमी वरडून राह्यलात म्हणून ते अजून जल्दी पळून राह्यलंय," म्हणाले, आणि मलाच चहा पाजला. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. पालथ्या घड्यावर पाणी, असं मी घरी बोललोसुद्धा. आता त्याची लाज वाटते.

परवा शबाना त्यांच्या प्रश्नपत्रिका घेऊन आली, तुमच्या पोरांना उपयोगी पडतील म्हणून. मी त्या कधी पाहिल्याच नव्हत्या. दरवेळी नुसता निकाल विचारायचो आणि वैतागायचो. शेवटच्या परीक्षेत एसी सर्किटचा प्रश्न होता आणि त्याच्याखाली बारीक अक्षरात छापलेलं: उत्तर गणिताने किंवा प्रमाणात आकृती काढून द्यावे. मी ते तीनदा वाचलं. बाकी प्रश्नपत्रिकेवर एकही खूण नव्हती, फक्त त्या ओळीखाली पेन्सिलीची रेघ होती.

"हे पाहिलं होतं त्यांनी?" मी शबानाला विचारलं.

"हां, घरी आल्यावर सांगितलं ना मला. मी म्हणलं, मंग काढायची ना आकृती, अब्बा. तर म्हणले, सर न्हाई म्हणल्ते."