भिंतीपलीकडची टकटक

सालेकसाला आमचं आणि शेजाऱ्यांचं घर एकाच मिस्त्रीने बांधलं. मधली भिंत सामाईक आहे. शेजारचे भाऊ आमगावकडचे. गावी त्यांची धानाची बरीच शेती, पण मुलीच्या शाळेसाठी म्हणून इथे येऊन राहिलेले. त्यांची मुलगी आणि माझी मुलगी चौथीत, एकाच बाकावर बसायच्या. सकाळी दोघी आमच्या अंगणातून बरोबर निघायच्या.

कोरोनाच्या तिसऱ्या लाटेचा हिवाळा होता. शाळा नुकत्याच सुरू झाल्या होत्या. एका बुधवारी शाळेच्या ग्रुपवर वर्गशिक्षिकेचा मेसेज आला : चौथीतल्या एका मुलीचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला आहे, उद्या सर्व मुलांची शाळेतच तपासणी होईल, कोणीही गैरहजर राहू नये. पाच मिनिटांत तो मेसेज पुसला गेला आणि दुसरा आला : फक्त शेजारच्या बाकावरच्या मुलांनी यावं. मग तोही पुसला गेला. संध्याकाळपर्यंत ग्रुपवर 'हा मेसेज हटवला आहे' अशा सात-आठ ओळी एकाखाली एक जमल्या होत्या. त्यांच्यामध्ये एकच ओळ वेगळी होती. शेजारच्या भाऊंनी ग्रुप सोडला होता.

गुरुवारी सकाळी मुलीला घेऊन निघाले, तर त्यांच्या दाराला बाहेरून कुलूप. मोठं, काळं, गोदामाला लावतात तसं. समोरच्या चहावाल्याला विचारलं. तो म्हणाला, "गये होंगे गाव. सबेरेसे ताला है."

शाळेच्या व्हरांड्यात चुन्याने गोल आखले होते. एकेका गोलात एकेक मूल. पांढरे गाऊन घातलेली दोन माणसं टेबलाशी बसली होती, त्यांचे फक्त डोळे दिसत होते. चाळीस पोरं होती तिथे, पण कुणाचाही आवाज येत नव्हता. रडणं नाही, खोकणं नाही. नाकात कांडी जाताना पोरं डोळे मिटायची आणि उघडायची, बस. मी फाटकाबाहेर उभी होते. आपण चुकीच्या जागी आलो आहोत, ही आपल्या ओळखीची शाळा नव्हेच, असं मला सारखं वाटत राहिलं.

रविवारी गोंदियाहून रिपोर्ट आला. माझी मुलगी पॉझिटिव्ह. ताप नाही, सर्दी नाही, ती अंगणात खड्यांच्या बिट्ट्या खेळत होती.

तिला मागच्या खोलीत ठेवलं. त्या खोलीला खिडकी परसाकडे आणि एक भिंत शेजाऱ्यांची. ताट दाराशी ठेवायचं आणि मागे सरकायचं. आधी सांगितलं चौदा दिवस. सोमवारी मेसेज आला, दहा. मंगळवारी आला, सात, आणि शेवटी पुन्हा तपासणीची गरज नाही. मी कॅलेंडरवर पेन्सिलने गोल करायची आणि खोडायची. कागद तिथे मऊ पडला. यांनी दुकान बंद ठेवलं होतं, ते पुढच्या खोलीत बसून फोनवर एकेकाला विचारायचे. प्रत्येकजण वेगळं सांगायचा आणि प्रत्येकाला खात्री असायची.

सोमवारी दुपारी ताट ठेवायला गेले तर दारापलीकडून मुलीच्या हसण्याचा आवाज आला.

"कोनाशी बोलून राहिली तू?"

"बोलत नाही मम्मी. वाजवते."

मी कान दिला. तिने भिंतीवर तीनदा टकटक केली. थोडा वेळ काहीच नाही. मग भिंतीतून, अगदी स्पष्ट, दोनदा टकटक आली.

ताट दाराशी ठेवलं. पुढे येऊन यांना सांगितलं. ते म्हणाले, "उंदीर असन. बंद घर हाये, धानाचं पोतं असन आत."

"उंदीर मोजून वाजवते का?"

त्यांनी फोन उचलून पुन्हा कुणाला तरी लावला.

मंगळवारी मी अंगण झाडायला बाहेर गेले आणि सहज त्यांच्या अंगणाकडे पाहिलं. कुलूप तसंच होतं. दारापुढे वाळलेली पानं साचली होती. पण तुळशीची माती ओली होती. नुकतं पाणी घातल्यावर दिसते तशी काळी, ओली. मी तिथे किती वेळ थांबले मला सांगता येत नाही. बुधवारी दुपारी जिऱ्याच्या फोडणीचा वास आला. आमच्या घरी तेव्हा काही चुलीवर नव्हतं. मग कुकरची शिट्टी सुरू झाली आणि मध्येच थांबली, कुणी तिच्यावर फडकं दाबल्यासारखी.

मी हे कुणालाच सांगितलं नाही. यांनाही नाही. का, ते पुढे सांगते.

टकटक रोज दुपारी चालायची. मुलीला त्याची सवय झाली. सकाळपासून ती वाट पाहायची. ती आता खोलीतून बाहेर कधी येणार हे विचारेनाशी झाली होती, आणि मला तिच्या पॉझिटिव्ह असण्यापेक्षा त्याची जास्त भीती वाटायला लागली. गुरुवारी ताट परत घ्यायला गेले तेव्हा ती दाराला टेकून बसली होती.

"मम्मी, आज वाजवणारा हात मोठा होता."

"म्हंजे?"

"रोजचा लहान असतो. आज मोठा होता. हळू वाजवत होता."

भर दुपार होती, परसात ऊन पडलं होतं. मी तिला म्हटलं, वाजवू नको आता. तिने मान हलवली, पण मी वळताच तिने तीनदा वाजवलं. मी दाराशीच थांबले. बऱ्याच वेळाने उत्तर आलं. एक. खूप वेळ गेला. मग दुसरा. शुक्रवारीही तसंच.

शनिवारी काहीच आलं नाही. मुलगी वाजवत राहिली. बोटं दुखली तेव्हा तिने चमचा घेतला. दुपारी तीनच्या सुमारास ती रडायला लागली. आजारपणाच्या इतक्या दिवसांत पहिल्यांदा. "ती नाही म्हणत नाही, हो म्हणत नाही, काहीच म्हणत नाही," असं म्हणत होती.

मी मास्क बांधला आणि परसात गेले. मधल्या कुंपणाच्या भिंतीला एका जागी विटा निखळल्या आहेत. तिथून पलीकडे उतरले. त्यांच्या मागच्या दाराशी दोन जोडी चपला होत्या आणि एक लहान जोडी. खिडकीला आतून चादर लावलेली होती. खालची कड जरा उचललेली.

"वहिनी," मी हाक मारली.

आतली कसलीशी कुजबुज बंद झाली.

"वहिनी, मी हावो. आत तुम्ही हायेत, मले माहीत हाये."

खूप वेळाने चादर हलली. त्यांचे केस विंचरलेले नव्हते, ओठ सुकलेले होते. आठ-दहा दिवसांत चेहरा इतका बदलू शकतो हे मी पहिल्यांदा पाहिलं.

"जा भाभी," त्या म्हणाल्या. "कोनाले सांगू नका. पाया पडतो तुमच्या."

"पोरगी कशी हाये?"

त्यांनी मागे वळून पाहिलं. मागून भाऊ आले. "तपासायले लावतीन," ते म्हणाले. "अन् मग घेऊन जातीन. माह्या भावाले असंच नेलं. चालत गाडीत बसला तो. तोंडसुद्दा पाह्यले भेटलं नाई आमाले."

मला ते माहीत होतं. दुसऱ्या लाटेत त्यांचे मोठे भाऊ गेले होते. सगळ्या गल्लीला माहीत होतं. पण ते कुलूप आणि ते मरण यांचा संबंध आमच्यापैकी कुणीच जोडला नव्हता.

"आता नेत नाईत," मी म्हटलं. "घरीच ठेवतात. सात दिवस."

"काल म्हने चौदा. आज म्हंता सात. उद्या काय म्हनतीन? त्यायच्या बोलन्यावर पोरगी देऊ का मी?"

मी स्वतःच कॅलेंडर खोडून खोडून थकले होते. मग जे माहीत होतं तेवढंच सांगितलं. "माही पोरगी पॉझिटिव्ह हाये, भाऊ. या भिंतीच्या पलीकडं. सात दिवसांपासून. कोनी नाई आलं तिले न्यायले."

वहिनींनी हात तोंडावर घेतला. "तुमचीबी?" त्या म्हणाल्या. "मंग ती वाजवत होती ते..."

"हाव. अन् तुमची उत्तर देत होती."

"दोन दिवसांपासून ती नाई," वहिनी म्हणाल्या. "तिच्यात उठायचं बळ नाई राह्यलं. पलीकडून वाजे, तं ती डोळे उघडून माह्याकडं पाहे. मंग मी वाजवलं. यायले नाई सांगतलं. वाटलं, कोनी तरी हाये पलीकडं. आज तं तिनं डोळेबी नाई उघडले."

भाऊंनी बायकोकडे पाहिलं. मग खिडकीपासून दूर झाले आणि मागच्या दाराची कडी काढली.

मुलगी खाटेवर होती, दोन गोधड्यांखाली. अंग भाजत होतं आणि दात वाजत होते. ताप कधीपासून, विचारलं. तपासणीच्या आदल्या संध्याकाळपासून. म्हणून तर कुलूप लावलं होतं. भाऊंनी बाहेरून लावलं आणि मागच्या भिंतीवरून आत आले. पहाटे अंधारात त्याच वाटेने जाऊन ते तुळशीला पाणी घालायचे. रोज असतो का ताप? "नाई," वहिनी म्हणाल्या, "आधी एक दिवस असे, एक दिवस नसे. थंडी वाजून ये. बरी असली का खेळे. परवापासून उतरलाच नाई."

मी सालेकसाची सून आहे, जंगलालगत वीस वर्षं काढली आहेत. थंडी वाजून दिवसाआड येणारा ताप इथे कोणालाही कळतो. एरवी त्या दोघांनाही कळला असता, पहिल्या आठवड्यातच. पण त्या वर्षी आमच्या सगळ्यांच्या डोक्यात एकच रोग होता, बाकीचे जणू नाहीसेच झाले होते.

यांना मी कुंपणावरून हाक मारली. त्यांनी आशाताईंना फोन केला. अर्ध्या तासात ताई आल्या, बोटाला सुई टोचली आणि पट्टी मला दाखवली. मलेरिया, आणि वाईट प्रकारचा. कोरोनाची तपासणी ग्रामीण रुग्णालयात झाली. निगेटिव्ह. तिथल्या डॉक्टरांनी गोंदियाला न्यायला सांगितलं. त्याआधी, इथून न्यायला ॲम्ब्युलन्स दारात आली तेव्हा भाऊ पुढच्या दारासमोर आडवे उभे राहिले. कुलूप अजून तसंच होतं, चावी त्यांच्या मुठीत. आशाताई शांतपणे म्हणाल्या, "भाऊ, तिची माय तिच्यासोबत गाडीत बसन. तुम्ही मोटारसायकलनं मागून या. गाडी नजरेआड होऊ देऊ नका."

ते कुलूप काढून बाजूला झाले. गाडी निघाली आणि ते तिच्या इतक्या मागे चालवत गेले की वळणावर दोन्ही एकच वाटत होत्या.

नऊ दिवस ती गोंदियाला होती. पहिले तीन वाईट गेले, झटके आले. मग वाचली.

ती परत आली त्यानंतरच्या एका दुपारी वहिनी आमच्याकडे तांदूळ निवडत बसल्या होत्या. मला राहवलं नाही. मी सांगितलं की मला ती ओली तुळस मंगळवारीच दिसली होती, कुकर ऐकू आला होता, आणि तरी मी गप्प बसले. मला वाटलं होतं, आणखी एक निघाला तर गल्ली सील करतील, माझ्या मुलीचे दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजतील. चार दिवस मी त्या भीतीला धरून बसले आणि पलीकडे त्यांची मुलगी विझत होती.

वहिनी खडे वेचत राहिल्या. मग म्हणाल्या, "माहीत हाये मले. तुम्ही तुळशीजवळ उभ्या होत्या, मी पुढच्या खिडकीच्या चादरीतून पाहून राह्यली होती. म्हनत होती, देवा, हाक मारू दे हिले. अन् म्हनत होती, नको मारू दे."

आम्ही दोघींनी तांदूळ निवडून संपवले.

फेब्रुवारीत शाळा पुन्हा भरली. मेसेज आला, तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र आणावं. भाऊ दवाखान्यात दोन चकरा मारून घेऊन आले, तोवर दुसरा मेसेज आला होता, प्रमाणपत्राची गरज नाही. त्यांनी कागदाची घडी करून खिशात ठेवली आणि मुलीला घेऊन गेले. शाळेसमोर चिंचेचं झाड आहे. मुलगी आत गेल्यावर ते तिथे बसले. शाळा सुटेपर्यंत बसले. दुसऱ्या दिवशीही. शेतावर माणूस होता, पण उन्हाळी धानाची रोवणी त्यांच्यावाचून अडत होती, तरी ते बसून राहायचे.

दुसऱ्या आठवड्यात वर्गशिक्षिका बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, आता सगळं ठीक आहे. तुम्ही कामाला जा."

मी तेव्हा फाटकाशीच होते. त्यांनी उठून बाईंना नमस्कार केला. मग पुन्हा खाली बसले, चौथीच्या खिडकीकडे तोंड करून.

"मी काई करत नाई, बाई," ते म्हणाले. "फक्त बसून राह्यलो."