वाघबारशीनंतरचं काडेचिराईत

"मॅडम, हा माल परत पाठवा. दरवर्षी उशीर, आणि वर हा असला कचरा!"

आमचे मॅनेजर बोरस्तेसाहेब यांच्या एका हातात सुरगाण्याच्या डोंगरावरून आलेली काडेचिराईताची जुडी होती, दुसऱ्या हातात कंपनीच्या गंगापूर रोडच्या प्लॉटमधली. काडेचिराईत म्हणजे तापाच्या काढ्यातली कडूजहर वनस्पती. प्लॉटमधली कंबरेएवढी, हिरवीगार. डोंगरातली वीतभर, काड्या लालसर. नव्वदच्या दशकातली गोष्ट. नाशिकच्या एका आयुर्वेदिक औषधांच्या कारखान्यात मी क्वालिटी कंट्रोल बघायचे. रिजेक्शन स्लिपवर 'खुरटी, रोगट' लिहून माझी सहीसुद्धा झाली होती.

समोर सोनीराम गावित उभे होते. त्यांच्या पाड्यावरची सगळी घरं हा माल गोळा करायची. ऑर्डर गेली असती तर त्यांना कांद्याच्या कामाला विंचूरला बिऱ्हाड हलवावं लागलं असतं.

"दरवर्षी उशीर का होतो?" मी विचारलं.

"दिवाळीची वाघबारस झाल्याबिगर आमी या पाल्याला हात लावत नाय, ताई. वाघदेवाला निवद दावायचा, मंगच कापायचं. आदीचा पाला कवळा ऱ्हातो." मग जरा चिडूनच म्हणाले, "रोगट लिवलं तुमी. चाखलं का?"

चाखलं नव्हतं. मला लाज वाटली, पण त्याहून जास्त कुतूहल वाटलं.

कडूपणा मोजायचं आमचं यंत्र म्हणजे जीभ. दोन्हीकडचा पाला सारख्या वजनाचा घ्यायचा, काढा करायचा, दर ग्लासाला निम्मा पातळ करत जायचा आणि कुठल्या ग्लासात चव हरवते ते बघायचं. चाखायला मी, साहेब आणि पॅकिंगच्या शांताबाई. कुठला काढा कुठला, हे त्या दोघांना सांगितलं नाही. प्लॉटचा काढा तिसऱ्या ग्लासात नुसतं पाणी लागला. डोंगराचा सहाव्या ग्लासातही जीभ सोडेना.

"अगं बाई, विष पाजताय का काय!" म्हणत शांताबाई चूळ भरायला पळाल्या. साहेबांनी गूळ मागवला.

"हा माल घ्या," ते म्हणाले. "पण पुढच्या वर्षी आपल्या प्लॉटचा माल असाच कडू करून दाखवा. मग ह्यांच्याकडून घ्यायची गरज नाही."

आता हे जमवायचं तर आधी मला कारण कळायला हवं होतं. पुढच्या आठवड्यात मी सोनीरामकाकांबरोबर डोंगर चढले. वर सगळा कातळ, त्यावर मूठभर माती. उभं राहू देणार नाही असा वारा, दिवसा भाजणारं ऊन, रात्री कडाक्याची थंडी. उंच वाढलेलं रोप तिथे वाऱ्याने मोडतं, म्हणून सगळी जमिनीलगत. काड्यांचा लाल रंग म्हणजे उन्हातली छत्री. मी ज्याला रोग म्हटलं, तो बंदोबस्त होता! आणि एक पान कुणी खाल्लं तर दुसरं फुटायला माती-पाणी पुरत नाही, म्हणून अंगात कडूपणा साठवायचा. वाघबारशीपर्यंत थांबल्यामुळे रोपांना तो साठवायला वेळही मिळत होता.

"शेरडं तोंड लावत नाय याला," काका म्हणाले. "तुमच्या प्लाटातलं खात आसतील."

खातच होती. आमचा माळी रोज तक्रार करायचा. ड्रिप, खत, फवारणी असे सगळे लाड चालू असताना त्या रोपांनी कडू तरी कशासाठी व्हायचं?

पुढच्या वर्षी आम्ही प्लॉटचं पाणी तोडून पाहिलं. कडूपणा जरासा वाढला आणि निम्मी रोपं वाळून गेली. साहेब बघायला बांधावर आले.

"पाणी तोडलं आपण. पण तो डोंगर कुठून आणायचा?" ते म्हणाले.

ऑर्डर पाड्याकडेच राहिली. त्या हिवाळ्यात तिथून विंचूरला कुणी गेलं नाही, याचा मला माझ्या बढतीपेक्षा जास्त आनंद झाला. आणि तेव्हापासून टेबलावर गुटगुटीत, टवटवीत नमुना आला की मला आधी त्याचाच संशय येतो.